आरएक्स १०० च्या कार्बची गळती: पावसाळ्यात सुरू केलेलं काम कुठवर आलं

गाडी यामाहाची टू-स्ट्रोक मोटरसायकल आरएक्स १००, १९९४ची, मामांनी घेतलेली, आता गोव्यात साखळी गावी माझ्याकडे. इंजिनाचं काम मागेच झालं, आवाज अगदी पाहिजे तसा आहे, पण कार्बने (कार्बुरेटर, इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग) पूर्ण पावसाळा छळलं. रात्री पडवीत उभी केली की सकाळी लाद्यांवर पेट्रोलचा डाग, घरभर वास, आणि किक मारायला गेलं की पहिल्या चार-पाच किका वाया, मग एकदम धुराचा लोट. चालू असताना मात्र एक थेंब नाही गळत. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांना हे ओळखीचं असणार, म्हणून जे केलं ते क्रमाने लिहितोय.

आधी हे समजून घ्या की चालू असताना न गळणं आणि उभी असताना गळणं याला कारण आहे. कार्बच्या तळाला पेट्रोलची वाटी असते, तो बाऊल; त्यात तरंगणाऱ्या फ्लोटचं काम फ्लशच्या टाकीतल्या बॉलसारखं, लेव्हल वर आली की नीडल (टोकदार सुई) सीटवर (पेट्रोल आत येतं त्या भोकाच्या कडेवर) दाबून पेट्रोल बंद करायचं. नीडल नीट बसत नसेल तर थोडं पेट्रोल सतत झिरपतं, इंजिन चालू असताना ते जळून जातं त्यामुळे कळतच नाही, फक्त मायलेज पडतं आणि प्लग काळा येतो. गाडी बंद केली की झिरपणं चालूच, जळणारं कोणी नाही, मग बाऊल भरतो आणि ओव्हरफ्लोने (जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणारी नळी) खाली येतं. टाकीखालचा कॉक (पेट्रोलची चावी) बंद करून ठेवलं तर गळत नाही हे खरं, सगळे हाच सल्ला देतात, पण त्याने रोग जात नाही, आणि आपल्याकडे कॉकचं आतलं भोकांचं रबर पण तेवढंच जुनं असतं, तेही कधीतरी दगा देणारच.

माझं मत स्पष्ट आहे, कार्ब उघडायच्या आधी थेंब कुठून पडतो ते बघा. आपल्याकडे गळती म्हटली की गॅरेजवाला सरळ "किट बदलूया" म्हणतो, चार स्क्रू काढले, नवी नीडल घातली, पैसे घेतले, आठवड्यात परत तेच. मी काय केलं, कार्ब बाहेरून रॉकेलने धुऊन कापडाने कोरडं केलं, सगळीकडे पावडर मारली (घरातली टाल्कम पावडर), कॉक चालू केला आणि टॉर्च घेऊन बसलो. ओली रेघ पावडरीवर लगेच उमटते. बाऊल आणि बॉडीच्या सांध्यातून येत असेल तर पॅकिंग किंवा बाऊल वाकलाय. तळाच्या ड्रेन बोल्टवरून येत असेल तर त्याचा वायसर (वॉशर). पाइप जोडतो तिथून येत असेल तर पाइप कडक झालाय किंवा क्लिप सैल. ओव्हरफ्लोच्या नळीतून येत असेल तर लेव्हल चढतेय, म्हणजे नीडल, सीट, फ्लोट यातलं काहीतरी, किंवा ओव्हरफ्लोची आतली उभी नळीच फुटलीय. आणि कॉकच्या बोल्टांवरून ओघळून कार्बवर येणारं पेट्रोल असेल तर कार्बला हातच लावायचा नाही, ते वरून येतंय. हे शेवटचं लोक फार विसरतात.

अजून एक बघायचं, साइड स्टँडवर गळते आणि डबल स्टँडवर गळत नाही असं असेल तर लेव्हल काठावर आहे, गाडी कलली की ओलांडते. आपल्याकडे सपाट जागा कुठे असते, सगळी गावं चढावर, त्यामुळे हे लक्षण हमखास दिसतं.

माझ्या गाडीत ओव्हरफ्लो कोरडा होता आणि तरी गळत होतं. नीट बघितलं तर त्या नळीच्या तोंडात कोणीतरी आधीच्या काळात स्क्रू पिळून ठेवलेला, गळू नये म्हणून. हे अत्यंत धोकादायक आहे, कृपया कोणी करू नका. ओव्हरफ्लो बंद केला की जास्तीचं पेट्रोल जायला दोनच वाटा, एक एअर फिल्टरकडे आणि दुसरी इंजिनात. टू-स्ट्रोकमध्ये ते रीड व्हॉल्वमधून (इंजिनात जाणाऱ्या वाटेवरची झडप) सरळ क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या कप्प्यात) उतरतं. सकाळचा धूर आणि वाया जाणाऱ्या किका तिथून येत होत्या, आणि लाद्यांवरचा डाग एअर फिल्टरच्या बॉक्समधून. फोर-स्ट्रोकवाल्यांचं तर याहून वाईट, पेट्रोल रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, बेअरिंग खलास. बुलेट, सीडी १००, काहीही असो, कार्ब गळत असेल तर डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय चालवू नका.

आणि आगीचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते, वर उडून जात नाही. आमच्या पडवीपासून तुळशी वृंदावन चार पावलांवर, संध्याकाळी आई तिथे पणती लावते. डाग दिसला त्याच दिवशी गाडी परसात नेऊन ठेवली, कॉक बंद, टाकी अर्धी रिकामी केली. फेरीबोटीतसुद्धा अशी गळणारी गाडी घेऊन चढू नका, आजूबाजूला पन्नास गाड्या खेटून उभ्या असतात.

मग कार्ब उतरवलं. स्क्रूंबद्दल एक सांगतो, जपानी कार्बचे ते चार स्क्रू दिसायला साधे चारखुणी, पण जेआयएस (जपानी मानक) मापाचे, साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो. जेआयएसचा स्क्रू ड्रायव्हर एकदाच घ्या, जन्मभर उपयोगी. माझे दोन स्क्रू आधीच खाल्लेले होते, ते हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हलक्या हाताने मारून सोडवले, नंतर त्या जागी अॅलन बोल्ट टाकले.

बाऊल उघडला तर तळाला लालसर गाळ आणि कडेला पांढरी खरपुडी. गाळ टाकीतला गंज, पांढरं म्हणजे पाणी साठून अॅल्युमिनियम खाल्लेलं. नीडल काढून उन्हात भिंगाखाली धरली. टोकाचा रबरी सुळका काळाभोर, पण मधोमध गोल चर पडलेली, केसाएवढी, सीटची कड जिथे बसते बरोब्बर तिथे. नखाने चाचपली तर अडकते. अशी चर दिसली की नीडल गेली, पुसून साफ करून उपयोग नाही. नीडलच्या मागच्या बाजूला बारीक स्प्रिंगवाली पिन असते ती दाबून सोडा, टप्पकन परत आली पाहिजे, माझी अर्ध्यातच अडकत होती.

इथे बहुतेक जण नवी नीडल घालून बंद करतात. पण या कार्बमध्ये सीट आट्यांची (पिळून बसवायची) असते, पितळेची, आणि तिच्याखाली एक पातळ फायबरचा वायसर. तीस वर्षांत तो बिस्किटासारखा न होता तर नवल. तो गेला की नीडल कितीही नवी घाला, पेट्रोल सीटच्या बाहेरून, आट्यांतून खाली येतं आणि बघणाऱ्याला वाटतं नीडलच गळतेय. सीट सोडवताना पाना नीट बसणारा घ्या, पितळ मऊ असतं. वायसर बदलला, सीटच्या आतल्या तोंडाला इअरबडवर थोडंसं ब्रासो लावून बोटांनी फिरवून चकचकीत केलं, पॉलिश पेपर अजिबात नाही घालायचा, ओरखडा पडला की सीट बाद. मग क्लीनर स्प्रेने भरपूर धुतलं, ब्रासोचा कण राहिला तर तोच पुढे कचरा.

किट म्हापशाला घेतलं. दुकानातले काका म्हणाले, "घे रे, दोन्ही सारखीच", पण सारखी नव्हती, स्वस्तातल्या नीडलचं टोक नखाने दबत होतं आणि मोल्डिंगची रेघ सुळक्यावरच आलेली. रेघ असलेली नीडल बंदच होऊ शकत नाही, हे दुकानातच बघून घ्या. शक्य असेल तर व्हायटॉनच्या (पेट्रोल सोसणारं रबर) टोकाची मागा, हल्लीच्या पेट्रोलला तीच टिकते.

बंद करायच्या आधीची चाचणी: बॉडी उलटी धरायची, म्हणजे फ्लोट वर येतो आणि स्वतःच्या वजनाने नीडल दाबतो, मग पेट्रोल येतं त्या नळीला स्वच्छ पाइप जोडून इंजेक्शनच्या सिरिंजने हवा दाबायची. हवा अडली पाहिजे. फ्लोट बोटाने उचलला की सुटली पाहिजे. तोंडाने फुंकतात लोक, पण पेट्रोल तोंडात जातं, सिरिंज दहा रुपयांना मिळते.

फ्लोटला भोक आहे का तेही बघून घेतलं. कानाशी हलवला, आत खुळखुळ नाही, गरम पाण्यात बुडवला, बुडबुडे नाहीत. ठीक.

बाऊल मात्र ठीक नव्हता. तो वेगळाच जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून पेट्रोलने काठोकाठच्या जरा खालपर्यंत भरला, ओव्हरफ्लोची नळी उघडी राहील एवढाच. थोड्या वेळाने नळीच्या तोंडाखालचा कागद ओला, म्हणजे पेट्रोल नळीच्या टोकावरून न जाता मधूनच शिरतंय. भिंगातून बघितलं तर त्या उभ्या पितळी नळीला उभी भेग. ही भेग नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, आणि कदाचित यामुळेच आधीच्या कोणीतरी वैतागून तो स्क्रू घातला असावा. एपॉक्सी लावून काही जण भागवतात, माझा इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये त्यावर विश्वास नाही, म्हणून एका भंगार कार्बचा बाऊल मिळवला. त्याची कड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केली, कारण कोपरे वर आलेले होते, वर्षानुवर्षं स्क्रू आवळून आवळून हे होतंच.

फ्लोटची लेव्हल. नुसतं उंची मोजून मला समाधान होत नाही, म्हणून एका जुन्या ड्रेन बोल्टला लेथवाल्याकडून आरपार भोक पाडून त्यात बारीक पितळी नळी बसवून घेतली. ती बाऊलच्या तळाला लावायची, तिला पारदर्शक पाइप, पाइप बाऊलच्या बाजूने वर उभा धरायचा, कॉक चालू. पाइपमध्ये पेट्रोल जिथे थांबतं तीच आतली लेव्हल. पॅकिंगच्या रेषेच्या खाली थांबून तिथेच राहिलं पाहिजे. हळूहळू वर सरकत असेल तर नीडल धरत नाहीये. माझं आधी रेषेच्या जवळपास थांबत होतं, तर फ्लोटची जी जीभ नीडलला टेकते ती नीडलच्या दिशेने किंचित वाकवली, नीडल लवकर बंद होते, लेव्हल खाली येते. अगदी किंचित, कारण जीभ आखूड आणि फ्लोटचा दांडा लांब, इथे केसभर हललं की तिथे मिलिमीटरभर फरक. वाकवताना नीडल सीटवर दाबून वाकवायची नाही, फ्लोट बाहेर काढून पकडीने वाकवायची.

सगळं जोडलं, चतुर्थीला गाडी कोरडी ठाक. चतुर्थी संपली आणि परत थेंब, या वेळी ओव्हरफ्लोमधून, म्हणजे निदान योग्य वाटेने. ड्रेन सोडून पेट्रोल पांढऱ्या वाटीत घेतलं तर तळाशी लाल कण. नवी नीडल, नवा वायसर, सगळं ठीक, फक्त सीटवर गंजाचा कण बसलेला.

तर मूळ टाकीत. २०२३ पासून ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल यायला लागलं, आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं, आणि ही गाडी १९८५ ते १९९६ मध्ये बनली, तेव्हा असं पेट्रोल कोणाच्या डोक्यातही नव्हतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दुसरं काय असतं. अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी राहिली की पाणी वेगळं होऊन तळाला बसतं, तिथेच गंज धरतो आणि तिथेच कॉक. जुन्या ओ-रिंगा फुगतात तेही याच पेट्रोलने, बाऊलचं जुनं पॅकिंग काढलं की परत खाचेत बसत नाही ते त्यामुळे.

टाकी पाऊस ओसरल्यावरच केली, कारण पावसात ती वाळणारच नाही. कॉक काढून भोक बंद केलं, पांढरं साधं व्हिनेगर भरून ठेवलं (जेवणातलं माडाचं नको, महाग पडेल आणि वाया जाईल), मध्ये मध्ये आत जुनी सायकलची चेन टाकून हलवलं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन आम्ल मारलं, पाण्याने खळबळवलं, दुपारच्या उन्हात तोंड खाली करून वाळवलं, आणि वाळल्या वाळल्या लगेच पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घालून आतून फिरवलं. हे लगेच करा, ओली उघडी पत्र्याची टाकी बघता बघता परत तांबडी होते. कॉकची जाळी फाटलेली निघाली, नवी टाकली, आणि पाइपमध्ये बारीक पारदर्शक फिल्टर लावला. फिल्टर लावताना पाइप वर वळता कामा नये, पेट्रोल फक्त उताराने येतं इथे, पंप नाही.

त्यानंतर साखळीहून केरी, अंजुणे धरणाच्या बाजूने चोर्ला घाट चढून आलो. वर कॉक चालू ठेवूनच साइड स्टँडवर लावली, चहा घेतला, येऊन ओव्हरफ्लोच्या नळीत कापूस घालून बघितला, सुका. घरी परसात रात्रभर कॉक चालू ठेवला, खाली पुठ्ठा, तोही सुका. सकाळी दुसऱ्या किकला चालू, धूर नेहमीएवढाच. प्लग काळ्याचा तांबूस तपकिरी झालाय.

राहिलंय ते आयडलिंग. गरम झाल्यावर आवाज वर-खाली होतो, स्लाइड (कार्बमध्ये वर-खाली सरकून हवा कमी-जास्त करणारा भाग) बोटाने हलवली तर बॉडीत खेळते, म्हणजे तिथून हवा शिरत असणार. चांगल्या बॉडीची स्लाइड शोधतोय, फोंडा-मडगाव बाजूला कोणाकडे न घासलेली असेल तर कळवा, मोजमापाचे फोटो पाठवतो.