शाळा संपली तशी मिस्सापण सुटली, मग परत कसा आलो (माझा अनुभव)

आम्ही कॅथलिक, रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ठरलेली. शाळेत असताना मला वाटायचं आपली श्रद्धा एकदम पक्की. बाप्तिस्मा, पहिला ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर), दृढीकरण सगळं वेळच्या वेळी झालेलं, सात साक्रामेंतं (चर्चचे पवित्र विधी) झोपेत विचारली तरी घडाघडा म्हणायचो. मग हॉस्टेलला गेलो आणि चार आठवड्यांत कळलं की रविवारी मला चर्चला नेणारी खरं तर आईची हाक होती. हाक मारायला कोणी नाही म्हटल्यावर मी उठलोच नाही. भांडण नाही, देवावर राग नाही, काही नाही. नुसती झोप.

त्यात रूममेटने एकदा सहज विचारलं, अरे पाप केलं तर देवाला डायरेक्ट सांग ना, मध्ये फादर कशाला? मी गप्प. इतकी वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसून मला हे कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं, त्याची जास्त लाज वाटली.

असं दोन वर्षं आठ महिने चाललं. मग आजी गेली. तिच्या मिस्सात सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठले आणि मी बाकावर गुडघे आत ओढून बसलो, लोक माझ्या पायांवरून वाट काढत जात होते, मावसभावाने कोपर मारलं, "जा ना". तेव्हा रडू आलं ते आजीसाठी की माझ्यासाठी, खरंच सांगता येणार नाही.

इतक्या चुकवलेल्या रविवारांनंतर कन्फेशनशिवाय (फादरपुढे पापं कबूल केल्याशिवाय) मला ख्रिस्तप्रसाद घेता येत नव्हता. त्यानंतर कन्फेशनला जायचं ठरवलं आणि तीन शनिवार दारातून परत आलो. वर्षातून निदान एकदा गंभीर पापांचं निवेदन करायचं हा नियम 1215च्या लॅटरन परिषदेपासूनचा (रोममधली बिशपांची मोठी सभा) आहे, म्हणजे टाळणारे तेव्हापण कमी नसणार. भीती ही की फादर ओळखतील, कोणाला बोलतील. पण फादरना ते कुणालाच सांगता येत नाही, मुद्दाम गुपित फोडलं तर ते स्वतःच चर्चमधून बहिष्कृत होतात. हे शाळेत शिकलेलो पण पोटात गोळा आला की शिकलेलं कुठे आठवतं?

चौथ्या शनिवारी गेलो. हातात घडी घालून घालून मऊ पडलेला कागद, आत अंधार, अक्षर दिसेना. फादरनी विचारलं किती दिवसांनी आलास? म्हटलं दोन वर्षं आठ महिने. "बरोब्बर मोजलेलं दिसतंय" म्हणाले आणि हसले, आणि मग मी कागद न बघताच बोलत सुटलो. पश्चात्तापाची प्रार्थना अर्ध्यात विसरलो तर त्यांनी एकेक ओळ सांगितली. प्रायश्चित्त म्हणून बायबलमधलं स्तोत्र 139 सावकाश वाचायला सांगितलं, ज्यात मी कुठेही गेलो तरी तू आहेसच असं आहे. हॉस्टेलपण त्यात आलं म्हणायचं.

रूममेटच्या प्रश्नाचं उत्तरपण नंतर सापडलं, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, अध्याय 20 मध्ये. पुन्हा उठलेला येशू शिष्यांवर फुंकर घालून म्हणतो की तुम्ही ज्यांच्या पापांची क्षमा कराल त्यांना क्षमा होईल. रूममेटला दाखवलं, त्याला पटलं नाही, पण निदान मी गप्प नव्हतो.

शाळा संपवून निघणाऱ्यांनी नव्या ठिकाणी सामान लावायच्या आधी जवळचं चर्च आणि मिस्साची वेळ बघून ठेवा, पहिलाच रविवार चुकवू नका, माझा तिथेच घोळ झाला. आणि प्रार्थना कोरडी वाटायला लागली की सगळं सोडून द्यायचा निर्णय तेव्हा घेऊ नका, हे संत इग्नेशियस लोयोलाचं सांगणं आहे. हा माणूस सैनिक, 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोना इथे तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणात पडून कुठल्या विचारानंतर मन शांत राहतं आणि कुठल्यानंतर रिकामं वाटतं हे बघत बसला. मी रात्री दहा मिनिटं तेच करतो, फोन लांब ठेवून. बऱ्याचदा पाचव्या मिनिटाला झोपतो. करिअर, लग्न का फादर व्हायचं, हे सगळं एका बैठकीत ठरवायचा नाद मी त्यामुळेच सोडला.

अलार्म अजून दोनदा बंद करतो. गेल्या रविवारी पोचलो तेव्हा पहिलं वाचन संपलेलं, मागे खांबाजवळ उभा राहिलो.