कंबर दुखतेय म्हणून जिम सोडू नका
एमआरआयमध्ये एल४-एल५ (कंबरेचे शेवटचे दोन मणके) लिहून आलं की घरचे आधी जिम बंद कर म्हणतात, पण बंद करायचे असतात ते ठराविक व्यायाम. सिट-अप्स पहिले काढा, दर वेळी पाठ गोल होते आणि डिस्कवर, म्हणजे मणक्यांमधल्या गादीवर, दाब येतो. त्याऐवजी कॅनडाचे पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम करा, कर्ल-अप, साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर शरीर तोलून धरणं) आणि बर्ड डॉग (हात-गुडघ्यांवर राहून एक हात आणि विरुद्ध पाय सरळ ताणणं). कर्ल-अपमध्ये एक गुडघा वाकवलेला, हात कंबरेच्या पोकळीखाली, डोकं-खांदे जेमतेम उचलायचे, १० सेकंद थांबायचं, बस्स, बघणाऱ्याला वाटतं हा झोपलाय की काय!

वाकून बारबेल रो नको, तिरक्या बेंचवर छाती टेकवून डंबेल रो मारा, कंबरेला फारसं कामच उरत नाही. पायांना स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक), कमी वजनातही मांड्या पेटतात. लेग प्रेसवाल्यांनो, गुडघे फार खाली आणलेत की ढुंगण सीटवरून सुटतं आणि कंबर गोल होते, त्याच्या आधीच थांबा. उठल्याउठल्या वाकायचे व्यायाम नको, रात्रभरात डिस्क पाणी शोषून फुगलेल्या असतात, तासभर जाऊ द्या. पाय बधिर होत असेल तर मात्र आधी डॉक्टर. आणि ट्रेनर "अजून एक प्लेट टाकू का" म्हणाला तर सरळ पाणी प्यायला निघून जा.