अष्टमीचा चंद्र आणि सोललेली सुपारी

दुपारची लहान सुट्टी संपत आली होती. सातवीची मुलं सुरूच्या झाडांखालून वर्गाकडे परतत होती आणि त्यांच्यातला एक जण मैदानातच थांबला. एक हात समुद्राकडे, दुसरा शाळेमागच्या माडांकडे.

"बाई, सूर्य थंय आसा, चंद्र हंय आसा. मगे पृथ्वीची सावली पडली खयसून?"

मी वर बघितलं. २०२२चा नोव्हेंबर सरत होता, मार्गशीर्षातली शुद्ध अष्टमी. साडेतीनच्या उन्हात माडांच्या शेंड्यांवर अर्धा चंद्र स्वच्छ दिसत होता आणि पलीकडे समुद्रावर सूर्य तळपत होता. त्याच दिवशी सकाळी मी फळ्यावर आकृती काढून सांगितलं होतं की पृथ्वीची सावली चंद्रावर जेवढी पडते तेवढा तो झाकला जातो आणि म्हणून चंद्राच्या कला दिसतात. सावली पडायची तर सूर्याच्या अगदी उलट दिशेला पडणार. म्हणजे त्या घडीला ती आमच्या पायांखालून तिरकी, पूर्वेकडच्या जमिनीत शिरत होती. चंद्र तर वर आकाशात होता. त्याला सावली लागणार कशी?

शाळेत लागल्यापासून तेरा वर्षं मी हेच शिकवत आले होते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "उद्या सांगते." तो मान हलवून वर्गात गेला. त्याचे वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीला, जायचे, त्यामुळे त्याच्या घरी तिथीवाचून दिवस सुरू होत नसे. त्याने आकाश बघून विचारलं होतं. मी मात्र आकाशाकडे न बघता सांगितलं होतं.

माझं गाव मंगळवेढा तालुक्यात. बारावी कला शाखेतून, मग डी.एड., नोकरी लागल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. डी.एड.च्या दोन वर्षांत मी खूप काही शिकले आणि ते आजही कामी येतं: पाठाचं टाचण कसं काढायचं, प्रश्न कुणाला आणि कसा विचारायचा, फळ्याचे भाग कसे पाडायचे, मागे राहिलेल्या मुलापाशी कधी थांबायचं. आशययुक्त अध्यापन असा शब्दही तिथेच कानावर पडला. पण आशय आपल्याला येतोच, असं सगळे धरून चालले होते, मीसुद्धा. दहावीपर्यंतचं पुस्तक पाठ होतं, मार्क चांगले होते. चंद्राच्या कलांवरचा माझा सराव पाठ उत्तम झाला होता. शैक्षणिक साधन छान होतं, वर्ग शांत होता, निरीक्षकांनी पाठाच्या पायऱ्या तपासल्या. सावलीबद्दल कुणी काही म्हटलं नाही.

त्या रात्री भाड्याच्या खोलीत मी दिवा घालवला, मोबाईलची बॅटरी कपाटावर ठेवली आणि हातभर अंतरावर एक लिंबू धरून स्वतःभोवती फिरू लागले. बॅटरी समोर आणि लिंबू तिच्या दिशेला, तर उजेडाची बाजू पलीकडे, माझ्याकडे काळोख: अमावस्या. पाव फेरी मारली की अर्धं लिंबू उजळ: अष्टमी. बॅटरी पाठीशी घेऊन लिंबू डोक्यापेक्षा थोडं वर धरलं की पूर्ण उजळ: पौर्णिमा. लिंबू सदासर्वकाळ अर्धं उजळच होतं. फक्त त्या उजळ अर्ध्यातलं मला किती दिसतं, ते बदलत होतं. सावलीचा संबंध एकाच ठिकाणी आला. पौर्णिमेच्या जागी हात जरा खाली आला की माझ्याच डोक्याची सावली लिंबावर पडायची. ते ग्रहण. मी इतकी वर्षं ग्रहणाचं कारण कलांना लावत होते.

सातवीच्या भूगोलाचं पुस्तक उघडलं. आकृती अगदी बरोबर होती, कुठेही सावली नव्हती. मीच ती वाचताना सावली घालत होते.

झोप येईना. आई संकष्टीला उपास सोडायची तो रात्री नऊच्या सुमारास, कॅलेंडरातला चंद्रोदय बघून. गोकुळाष्टमीला पाळणा बाराला, आणि चंद्र उगवतो तोही त्याच सुमारास. पौर्णिमेचा मावळत्या सूर्यासमोर उगवतो. म्हणजे पौर्णिमेपासून अष्टमीपर्यंत सहा तासांचा उशीर, रोजचा साधारण पन्नास मिनिटांचा. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण ते देवघरात होतं आणि भूगोल वर्गात. दोन्हींची गाठ मी कधी घातलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, काल मी चुकीचं शिकवलं, आकृतीखालचं वाक्य खोडा. अकरा मुलांनी निमूटपणे खोडलं. मग साडेतीनला सगळ्यांना मैदानात नेलं. कुणी लिंबू आणलं होतं, कुणी चेंडू. त्या मुलाने खिशातून सोललेली सुपारी काढली. हात लांब करून वस्तू चंद्राशेजारी धरायची आणि एक डोळा मिटायचा, एवढंच सांगितलं. पश्चिमेचं ऊन सुपारीवर पडलं आणि सुपारीचा जेवढा भाग उजळला तेवढाच शेजारी चंद्राचा. तसाच, त्याच बाजूने, अर्ध्याहून किंचित जास्त, कारण आता नवमी होती. मुलं गप्प झाली. मग एकदम ओरडली. मी स्वतः लिंबू धरून उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

"मगे दर पुनवेक गिराण कित्याक नाय?" लगेच पुढचा प्रश्न, एका मुलीचा. या वेळी माझी थोडी तयारी होती. असोला नको, सोललेला नारळ घेतला, सुमारे बारा सेंटिमीटर रुंद. ती पृथ्वी. चंद्राचा व्यास पृथ्वीच्या पावापेक्षा थोडा जास्त, म्हणून तीन-सव्वातीन सेंटिमीटरचं लहान लिंबू. आता लिंबू कुठे ठेवायचं? सगळ्यांनी ते नारळापासून वीतभर अंतरावर ठेवलं, मीही आदल्या रात्रीपर्यंत तिथेच ठेवलं असतं. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे मध्ये सुमारे तीस पृथ्व्या मावतील. आमच्या मापाने साडेतीन मीटरच्याही पुढे. मुलगी लिंबू घेऊन चालत चालत वर्गाच्या दाराबाहेर गेली. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. तेवढ्या अंतरावर पाच अंश म्हणजे लिंबू फूटभर वर किंवा खाली. नारळाची सावली तिथवर पोचेपर्यंत जेमतेम नऊ सेंटिमीटर रुंद उरते. मुलीने लिंबू फूटभर वर उचललं आणि स्वतःच म्हणाली, "चुकला."

भरती-ओहोटीचा धडा लागूनच होता. तिथे मी मुलांकडून शिकले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांना घरून येतं: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुस्तकातही तो हिशेब आहे आणि मी तो गणितासारखा करून घ्यायचे. पाऊणपटच का, हे मुलांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. आता दिसलं: चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो, भरती त्याच्यामागून येते आणि त्याला सोपं माप म्हणून आपल्या माणसांनी पाऊण तास धरला. तासभर वर्गात कोळ्यांच्या घरांतला हिशेब आणि पुस्तकातली कक्षा एकत्र नांदत होती. मी पहिल्यांदा समुद्र पाहिला तो चोविसाव्या वर्षी, नेमणुकीचं पत्र हातात घेऊन. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा कळला असं वाटलं.

तेव्हापासून नवा धडा हाती घेतला की आधी ती गोष्ट स्वतः करून बघते. वेळ जातो. कधी टाचण अपुरं राहतं, ते मी चालवून घेते.

पुढच्या वर्षीच्या कोजागरीला, २८ ऑक्टोबर २०२३च्या रात्री, खंडग्रास चंद्रग्रहण होतं. मध्यरात्र उलटल्यावर एकनंतर सुरू झालं. गावात दूध लवकर आटोपलं होतं. मी एकटीच अंगणात खुर्ची टाकून बसले. चंद्राच्या कडेला लहानसा काळा घास लागला, वाढला आणि सव्वादोननंतर निघून गेला.

दिवाळीच्या सुट्टीआधी तो मुलगा शाळेत आला. आता तो हायस्कूलला, आठवीत होता. वहीच्या पानावर त्याने पाच चंद्र काढले होते, प्रत्येकाखाली वेळ. "बाई, ही खरी सावली," तो म्हणाला. मग बोट ठेवून विचारलं, "पण सावलेची कड चंद्राच्या कडेपरास कमी वाकडी कित्याक?"

मी कपाटातून एक वाटी आणि एक ताट काढलं आणि त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला.