तुम्ही विचारलंत म्हणून: काडतूस भरण्यात शिकायचं काय?

जळगाव-धुळ्याकडच्या बँकांचे गार्ड माझ्याकडे बंदूक शिकायला येतात. पंप अ‍ॅक्शन म्हणजे बॅरलखालची मूठ मागेपुढे ओढून चालवायची बंदूक हातात आली की प्रश्न ठरलेला : "काडतूस आत ढकलायचं. त्यामा काय शिकानं शे, भाऊ?"

दुनळीत काही लपत नाही. बिजागरीत मोडली की दोन्ही घरं, म्हणजे काडतूस बसायच्या जागा, डोळ्यांसमोर. पंप अ‍ॅक्शनमध्ये काडतुसं बॅरलखालच्या नळीत एकामागे एक, स्प्रिंगच्या दाबाखाली बसतात आणि बाहेरून कुणालाच दिसत नाहीत. फौजेतून आलेल्यांना आधी मॅगझिन काढून बाजूला ठेवायची सवय असते. इथे मॅगझिन बंदुकीलाच जोडलेलं, त्यामुळे ती सवय उपयोगाची नाही.

म्हणून भरणं नीट शिकायचं. तोंड सुरक्षित दिशेला, सेफ्टी लावलेली, बोट ट्रिगरच्या बाहेर. बंदूक जरा तिरपी करा. काडतुसाचं पितळी बूड मागे, दुमडलेलं टोक पुढे. आता अंगठ्याने ढकला, आणि 'खट्' होईपर्यंत अंगठा काढू नका. बहुतेक जण काडतूस दिसेनासं झालं की सोडून देतात. आतला खटका बुडाच्या कडेमागे अडकलेला नसतो. स्प्रिंग काडतूस परत मागे लोटते, ते काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीपाशी येऊन बसतं आणि बंदूक अडते. नेमकी गरजेच्या वेळी. अंगठ्याचं टोक नळीच्या तोंडात शिरलंच पाहिजे. सुरुवातीला नखाजवळ सोलवटतं, ते चालवून घ्या. हाताला जमलं की खाली बघणं बंद करा. गार्डची नजर दारावर हवी.

हा सराव डमी काडतुसांवरच. माझ्या वर्गात जिवंत काडतूस येत नाही, याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी असल्यामुळे भुसावळ पट्ट्यातल्या पोरांना काडतूस नवं नसतं. पण ती रायफलची. 12 बोअरचं (बोअर म्हणजे बॅरलच्या भोकाचं माप) 'शक्तिमान' काडतूस पुण्याच्या खडकी कारखान्याचं, आणि त्याचे नियम वेगळे. रावेर-यावलकडे पीक राखायला परवाना घेतलेल्या शेतकरी भावांनी हे जरूर वाचावं : 20 बोअरचं काडतूस 12 पेक्षा बारीक, ते 12 बोअरच्या घरातून पुढे घसरतं आणि बॅरलमध्ये अडकतं. मागून 12 चं खुशाल बसतं. बार काढला की बॅरल फुटते, हात जातो. 20 बोअरची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. दोन्ही मापं एका खिशात, एका डब्यात कधीच नकोत. जुन्या बंदुकीचं घर 65 मिलिमीटरचं असेल तर 70 चं काडतूस आत बसेल, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. बॅरलवरचा आकडा वाचा.

रिकामी करणं तर भरण्याहून जोखमीचं. पंप मारत काडतुसं बाहेर फेकलीत तर प्रत्येक जिवंत काडतूस आधी फायरच्या जागी जातं. त्यापेक्षा अ‍ॅक्शन उघडून (मूठ मागे ओढून) घरातलं काढा, मग काडतूस अडवणारा तो आतला खटका (ट्रिगर नव्हे) दाबून नळीतलं एकेक तळहातावर घ्या. शेवटी घरात आणि नळीच्या तोंडात बोट घालून चाचपा.

आणि ड्युटी बदलताना "रिकामी आहे" एवढ्या शब्दावर बंदूक घेऊ नका. देणाऱ्याने अ‍ॅक्शन उघडून द्यावी, घेणाऱ्याने स्वतः बोट घालून बघावं. समोरचा कितीही जुना, मानाचा माणूस असो.