पहिल्या धुण्यात कळतं

नवीन मेकअप ब्रश बघताना सगळेच भारी वाटतात. दांडा चकचकीत, केस मऊ फुगलेले, वर छानसं पाऊच, आपण हातावर फिरवून बघतो आणि लगेच "आहाहा" करतो. पण तो ब्रश खरा कसाय ते पहिल्या धुण्यात कळतं. एखादा धुऊन वाळला की होता तस्सा परत उभा राहतो, आणि एखाद्याचे केस चारी दिशांना फाकतात नि निम्मे बेसिनमध्येच राहतात. त्यामुळे माझं तरी ठरलंय, एकदा धुऊन होईपर्यंत कुठल्याच ब्रशचं कौतुक करायचं नाही.

ते चोवीस ब्रशचे सेट असतात ना, त्यांचं मला कायम नवल वाटतं. रोज सकाळी घाईत आवरताना चार ब्रश पुरतात हो, एक फाउंडेशनचा, एक जरा मोठा मोकळा पावडर आणि ब्लशला, एक छोटा फुगीर डोळ्यांवर शेड मिसळायला आणि एक तिरका कापलेला भुवया नि लायनरसाठी. संपलं. तो पंख्यासारखा पसरलेला फॅन ब्रश सेटमध्ये हमखास असतो, हायलायटर हलका फिरवायला किंवा गालावर सांडलेली आयशॅडो झटकायला चांगला असतो म्हणे, पण रोज उठून आयशॅडो सांडतंय कोण?

घेताना नाव किंवा नंबर बघण्यापेक्षा केस किती दाट भरलेत ते बघावं. सगळी गंमत तिथेच आहे. आखूड आणि दाट केसांचा ब्रश रंग उचलतो भरपूर आणि एकाच जागी ठेवतो, लांब आणि विरळ केसांचा तोच रंग पातळ करून पसरवतो. एकाच डबीतला ब्लश दाट ब्रशने लावला तर गालावर शिक्का मारल्यासारखा बसतो आणि मोकळ्या ब्रशने लावला तर कुणाला कळतही नाही की काही लावलंय. म्हणजे बऱ्याचदा आपण ब्लशला नावं ठेवतो आणि दोष ब्रशचा असतो. शिवाय धरायची पद्धत, केसांच्या जवळ धरला की जोर येतो, दांड्याच्या टोकाला धरला की हात आपोआप हलका पडतो. रंग जास्त झाला असं वाटलं तर आधी बोटं मागे सरकवून बघा, डबी नंतर बदला.

केस खरे की सिंथेटिक, यावर लोक तावातावाने बोलतात. शेळीच्या किंवा खारीच्या केसाला आपल्या केसासारखेच बारीक खवले असतात, त्यात पावडर छान अडकते आणि हळूहळू सुटते, पण त्यावर क्रीम किंवा लिक्विड घेतलं की तो पिऊन टाकतो. सिंथेटिक केस गुळगुळीत, ते काही शोषत नाहीत, म्हणून लिक्विडला तेच बरे. आता तर पावडरसाठीही चांगले सिंथेटिक मिळतात, धुवायला सोपे, वाळतात लवकर आणि कुठल्या प्राण्याचे केस चेहऱ्यावर फिरवतोय हा विचारही नको, त्यामुळे मी त्याच पार्टीत. तरीपण जपानमधल्या हिरोशिमाजवळच्या कुमानो गावाबद्दल वाचलं की थोडी विरघळतेच मी. तिथे आधी सुलेखनाचे ब्रश बनायचे, मग त्याच हातांनी मेकअपचे बनायला लागले. चांगल्या ब्रशला आकार द्यायला ते केसांची टोकं कापत नाहीत, केस जुळवूनच आकार आणतात, कारण कापलेलं टोक टोचतं आणि नैसर्गिक निमुळतं टोक टोचत नाही. २०११ मध्ये जपानच्या मुलींनी फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा सरकारने सन्मानासोबत त्यांना भेट काय दिली तर कुमानोचे मेकअप ब्रश! फुटबॉलरला मेकअप ब्रश, यावर वाद घालता येईल, पण भेट मस्तच.

असो, धुण्याकडे येते. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना म्हणते दर ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवा. ऐकायला छान आहे. २०१९ मध्ये इंग्लंडच्या ॲस्टन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी लोकांच्या वापरातला मेकअप तपासला होता, तेव्हा ब्युटी ब्लेंडर नावाचे ते गोंडस स्पंज ९३ टक्के कधी धुतलेच नव्हते आणि ६४ टक्के जमिनीवर पडूनही तसेच वापरले जात होते. ब्रश स्पंजइतका ओला राहत नाही ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, पण चेहऱ्याचं तेल, मेलेली त्वचा आणि जुनं फाउंडेशन त्याच्यातही मुरतंच की.

धुताना केसांचं तोंड खाली. हे एवढं पाळलं तरी ब्रश कितीतरी जास्त टिकतो, कारण दांडा आणि केस जोडणाऱ्या त्या धातूच्या नळीत गोंद असतो आणि पाणी त्यात शिरलं की गोंद सुटतो, मग केस गळतात, मग डुगडुगणारा दांडा. म्हणून भांड्यात बुडवून ठेवायचा नाहीच. कोमट पाणी, तळहातावर थेंबभर सौम्य शाम्पू आणि ब्रश गोल गोल. फाउंडेशनच्या ब्रशला खरी मजा येते, वरून स्वच्छ दिसतो आणि बोटांनी मुळाशी दाबला की परत तपकिरी ओघळ, पुन्हा दाबला की पुन्हा, तो ओघळ पांढरा होईपर्यंत सोडायचा नाही. मग पाणी निपटून बोटांनी आकार द्यायचा आणि टेबलाच्या कडेला आडवा ठेवायचा, केस कडेबाहेर, म्हणजे सगळीकडून हवा लागते. ग्लासात उभा ठेवला तर पाणी परत त्या नळीत. हेअर ड्रायर नको, आणि दाट ब्रश असेल तर सकाळी वापरायचाय म्हणून मध्यरात्री धुऊ नका, आतून ओलसर राहतो आणि फाउंडेशनचे पट्टे उमटतात.

मैत्रिणी ब्लशचा ब्रश मागतात, तो मी देते. डोळ्यांचा नाही देत, त्यांच्याकडून घेतही नाही, डोळे आले की मग मैत्री वगैरे बाजूला राहते. आणि धुऊन धुऊन ज्याचे केस टोचायला लागतात तो मेकअपमधून सरळ बाद, पण टाकवत मात्र नाही, कीबोर्डच्या फटीतली धूळ काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.