तांदळाचे पाच ढीग

जुलैतला मंगळवार. अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडे तेव्हा पाऊस थांबायचं नाव घेत नाही. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी मिळून पट तेवीस. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. त्या दिवशी चौथीला अपूर्णांकांची ओळख करून द्यायची होती. आदल्या रात्री घोटीव कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या, पाठाचं टाचणही लिहून झालं होतं.

सकाळी सरांचा फोन आला. मतदार यादीच्या कामाला तहसीलला बोलावलंय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार निवडणूक, जनगणना आणि आपत्ती-मदतीची कामं शिक्षकांना देता येतात, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. तरी पहिलीतलं पोर जेमतेम पेन्सिल धरायला शिकलेलं असताना त्याचे गुरुजी जातात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

शाळेत पोचले तर हजेरी सतरा. आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, सुरू होती. मोठी मुलं शेतावर किंवा घरी धाकट्यांना सांभाळत. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशीही आवणीला गेलेल्या. निरोप होता, अकरापर्यंत येते, तोवर तांदूळ-डाळ मोजून निवडून ठेवा.

चारही इयत्ता एका खोलीत बसवल्या आणि पट्ट्या काढल्या. दहा मिनिटांत कळलं, हे जमणार नाही. पहिलीवाल्यांनी पट्ट्यांची विमानं केली होती आणि चौथीचं सगळं लक्ष त्या विमानांकडे. मी पट्ट्या गोळा केल्या, कपाटातला तराजू काढला आणि तांदळाचं पोतं सोडलं.

प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, हे प्रमाण फळ्यावर लिहिलं. तिसरी-चौथीने हिशेब केला : तांदूळ १७०० ग्रॅम, डाळ ३४०. पहिली-दुसरीला परातीत तांदूळ निवडायला बसवलं. तांदूळ मोजणं सोपं गेलं. एक किलो, पाचशे, दोनशे, झालं. डाळीपाशी अडलं. आमच्याकडे सगळ्यात लहान वजन ५० ग्रॅमचं. तीनशे चाळीस मोजायचे कसे?

मी सांगून टाकणार होते की साडेतीनशे घ्या, दहा ग्रॅमने काय बिघडतं. जीभ आवरली ते बरं झालं. चौथीतली एक मुलगी, एरवी वर्गात फारशी न बोलणारी, फळ्याकडे बघत म्हणाली, “बाई, पाच वेळा वीस म्हणजे शंभर. मग डाळ तांदळाच्या पाचात एक.”

तिने तांदळाचे पाच ढीग करायला घेतले. एकेक वाटी पाची ढिगांत, पुन्हा एकेक, शेवटी मुठीने आणि चिमटीने. ढीग तराजूवर एकमेकांशी ताडून बघितले. मग एक ढीग एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात डाळ ओतली, काटा मधोमध येईपर्यंत. पडताळा म्हणून ती डाळ वजनांशी लावली. तीनशेला डाळीचं पारडं खाली गेलं, साडेतीनशेला वर. तिसरीतल्या मुलाने विचारलं, “मग ही मधली डाळ किती?” आणि त्याचं उत्तर त्यानेच फळ्यावरून वाचून दाखवलं.

माझं टाचण अर्धा आणि पाव इथपर्यंतच होतं. एक पंचमांश त्यात नव्हता. पण भाग समान हवेत आणि अख्खं कशाला म्हणायचं हे ठरलेलं हवं, या दोनच गोष्टी मला त्या तासाला पोचवायच्या होत्या, आणि त्या पोचल्या. त्यांच्यासाठी पट्ट्याच हव्यात, असं मी उगीच धरून बसले होते. आता टाचणाच्या वर मी आधी एक ओळ लिहिते, आज मुलांना नेमकं काय कळायला हवं. खालचं साहित्य बदललं तर बदलू देते.

सगळंच जमलं असं नाही. तासाभरात पहिलीतली दोघं कंटाळून रडायला लागली, एक परातीला टेकून झोपलं. त्यांचं त्या दिवशीचं वाचन राहिलं ते राहिलंच. एका माणसाने चार इयत्ता धरल्या की कुणीतरी सुटतं.

मावशी साडेअकराला आल्या, चिखलाने माखलेल्या पायांनी. डाळ हातात घेऊन म्हणाल्या, रोज मी अंदाजाने घालते, बरोबर एवढीच येते.

दुसऱ्या दिवशी हजेरी बावीस. मी हजेरी मांडेपर्यंत ती मुलगी आवणीवरून परतलेल्या पोरींना घेऊन तराजूपाशी बसली होती. “बावीसशेचे पाच ढीग,” ती सांगत होती, “आणि सगळे सारखेच हवेत हं.”