काळा घोड्याच्या दप्तरखान्यात प्लेगची मुंबई

"प्लेगात मांडवी ओस पडली," हे पणजीचं वाक्य आमच्या घरात अजून कुणी ना कुणी म्हणतं. मांडवी म्हणजे मुंबईतली जुनी दाट वस्ती. त्या प्लेगात तिचा थोरला भाऊ गेला, एवढंच आम्हाला माहीत. त्यामागे लागून गेल्या महिन्यात मी तीन दिवस काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पुराभिलेख संचालनालयात, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या दप्तरखान्यात, बसून काढले.

तुम्ही जाणार असाल तर आधी घरी दोन अहवाल वाचून जा. एक म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा १८९६-९७ च्या साथीवरचा, दुसरा जनरल गॅटेकर यांच्या प्लेग समितीचा. दोन्ही स्कॅन होऊन इंटरनेटवर मोफत मिळतात. त्यातून पेठा, तारखा, अधिकाऱ्यांची नावं हाती लागतात आणि दप्तरखान्यात कागदपत्रांचे बांधीव खंड मागवताना अंधारात चाचपडावं लागत नाही. ओळखपत्र आणि एखाद्या संस्थेचं शिफारसपत्र सोबत ठेवा. पेन्सिल न्या. फोटो काढायचे तर आधी विचारा. कागद इतका जीर्ण असतो की पान उलटताना कडा सुटते, म्हणून दोन्ही हातांनी उलटा. धुळीचा त्रास असेल तर मास्क हवाच.

दप्तर विषयवार लावलेलं नसतं. ज्या खात्याने पत्रव्यवहार केला त्याच्या नावाने ते सापडतं, आणि प्लेगचे खंड जनरल डिपार्टमेंटखाली आहेत. पहिला अख्खा दिवस सूचीतच गेला. तो वाया गेला असं मला वाटत नाही. प्रत्येक नोंदीपुढे खातं, वर्ष, खंड आणि पान लिहून ठेवा. नंतर तेच पान पुन्हा शोधणं फार जड जातं.

दुसऱ्या दिवशी मृत्यूंचे तक्ते हाती आले आणि मी तिथेच अडकलो. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग ओळखला. पण तक्त्यात नुसता 'प्लेग'चा रकाना पाहिलात तर फसाल. शेजारीच 'रिमिटंट फीव्हर' (कमीजास्त होणारा, पण पूर्ण न उतरणारा ताप) आहे, इतर ताप आहेत. रुग्णाला उचलून रुग्णालयात नेतील, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत ठेवतील, या धास्तीने लोक आजार लपवत होते, आणि प्लेगचे मृत्यू या दुसऱ्या रकान्यांत जात. म्हणून एकूण मृत्यूंचा आकडा घ्या आणि आधीच्या वर्षांतल्या त्याच आठवड्याशी ताडून पाहा. जास्तीचे मृत्यू तिथे दिसतात. जनगणनाही जोडीला ठेवा: १८९१ मध्ये मुंबईत ८,२१,७६४ माणसं होती, १९०१ मध्ये ७,७६,००६. यात गेलेलेही आले आणि शहर सोडून गावी पळालेलेही.

आकड्यांपेक्षा मला अर्जांनी जास्त वेळ धरून ठेवलं. आपल्या जातीच्या माणसांसाठी वेगळं रुग्णालय काढू द्या, बायकांना परक्या पुरुषांनी तपासू नये, अशा मागण्या त्यात येतात. त्या काळच्या देशी वर्तमानपत्रांचे सरकारने करवून घेतलेले इंग्रजी साप्ताहिक गोषवारेही जरूर मागवा. सरकारी पत्रात जे 'सहकार्याचा अभाव' म्हणून येतं, त्याचं कारण तिथे लोकांच्या बाजूने कळतं.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर मशीद स्टेशनवर उतरून मांडवीत चाललो. कागद वाचून झाल्यावरच जा, आधी नको. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर तेव्हा 'यू. एच. एच.' अशी अक्षरं रंगवत, हे डोक्यात असलं की गल्लीची रुंदी, वरच्या मजल्यांवर येणारा उजेड, सगळं वेगळं दिसतं. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हवा खेळावी म्हणून दाट वस्तीतून रस्ते काढले. जुन्या नकाशातली नावं मात्र बदललेली आहेत: प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, सँडहर्स्ट रोड म्हणजे सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. जुन्या-नव्या नावांची यादी करूनच निघा.

एखाद्या व्यक्तीचं नाव शोधत असाल तर या खंडांवर फार भिस्त ठेवू नका. इथे आकडे आहेत, पत्रव्यवहार आहे, नावं क्वचित. पणजीच्या भावाचं नाव मला मिळालं नाही. मृत्यूची नोंद महापालिकेकडे होत असे, त्यामुळे पुढची फेरी तिकडे.